थंड नळीचा बार

आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. त्याला दोन कुलपे आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या असा वडिलांचा दंडक होता. वडिलांना आम्ही आण्णा म्हणत असू. आण्णांना जाऊन पंचवीसांहून अधिक वर्षे झाली. किल्ल्या अजूनही वेगळ्याच ठिकाणी राहतात आणि त्यांतली एक वेळेवर कधीच सापडत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात ती शोधण्यात माझा सबंध दिवस गेला. कपाटात तीन रायफली होत्या, आणि त्यांतली एक मला महिनाभरात घराबाहेर काढायची होती.

शस्त्रांच्या कायद्यात डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. तोवर एका परवानेदाराला तीन हत्यारे ठेवता येत; ती संख्या दोनवर आली. तिसरे हत्यार वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडे जमा करावयाचे होते. सरकारी काम अखेरच्या महिन्यापर्यंत लांबवणाऱ्यांपैकी मी आहे, आणि त्या वर्षी तर साथीचे निमित्तही आयते मिळाले होते. पण खरे कारण वेगळे होते. कोणती द्यावी हे मला ठरवता येत नव्हते.

मी शिकारी नव्हे. आयुष्यात एकाही जनावरावर मी बार टाकलेला नाही. वारसाहक्काने परवाना माझ्या नावावर झाला, आणि त्या दिवसापासून दर पावसाळ्यात नळ्यांना तेल लावणारा एक राखणदार एवढाच माझा त्या रायफलींशी संबंध. परंतु एखादी वस्तू वर्षानुवर्षे पुसत राहिले की तिची आपल्याला नको तितकी ओळख होते. ह्या तिघींची मला तशी ओळख झाली होती.

पहिली दुनळी. हॉलंड अँड हॉलंडची ‘रॉयल’, बोअर ४६५. हा आकडा कानाला विचित्र लागतो, आणि त्याच्यामागचे कारण आपल्याच देशातले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या शिकारीची रायफल म्हणजे ४५० बोअरची, असे समीकरण होते. पण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांचा बोअरही तोच. शिकारीची काडतुसे बंडखोरांच्या हाती गेली तर त्यांतल्या गोळ्या त्या बंदुकांना चालतील, ह्या धास्तीने इंग्रज सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ४५० बोअरला बंदी केली. मग लंडनच्या कारागिरांनी मान थोडी तिरकी करून ४६५, ४७०, ४७५ असे नवे बोअर काढले. सरकारची धास्ती अगदीच अनाठायी नव्हती. १९१४ मध्ये कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातली ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे क्रांतिकारकांनी भर दिवसा बैलगाडीतून पळवली, हा इतिहास आहे.

दुनळी रायफल बनवणे हे लोहाराचे काम नव्हे, गवयाचे आहे असे आण्णा म्हणत. दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवून डाख दिला की झाले, असे आपल्याला वाटते. पण त्या समांतर ठेवल्या तर उजवीची गोळी उजवीकडे जाते आणि डावीची डावीकडे. कारण बार उडताना बंदूक आपापल्या बाजूला झुकते. म्हणून नळ्या पुढे किंचित एकमेकींकडे वळवाव्या लागतात. किती वळवायच्या हे कोणत्याही कोष्टकात नाही. कारागीर बार टाकतो, कागद बघतो, डाख वितळवतो, मधली पाचर केसभर सरकवतो, पुन्हा बार टाकतो. दोन्ही गोळ्या ठरल्या अंतरावर एकमेकींच्या शेजारी पडेपर्यंत हे चालते. त्यातही ही मेहनत त्याच वजनाच्या गोळीपुरती आणि त्याच दारूपुरती. काडतूस बदलले की मैत्री मोडली.

दुसरी रिग्बीची २७५. हलकी, सडपातळ, माउझरच्या यंत्रावर बांधलेली. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ साली जी रायफल भेट मिळाली, ती ह्याच कंपनीची आणि ह्याच बोअरची. दस्त्यावर तसा मजकूर कोरलेला चांदीचा पत्रा असलेली ती रायफल २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने पुन्हा आपल्याकडे आणली. आमच्या रायफलीवर पत्रा नाही आणि तिने वाघही मारलेला नाही. पण कॉर्बेट वाचलेला पाहुणा घरी आला की तिला थोडा वेळ भाव येत असे.

तिसरी ३७५ मॅग्नम, पुन्हा हॉलंडचीच. हे काडतूस त्यांनी १९१२ मध्ये काढले. त्याच्या बुडाशी कमरपट्ट्यासारखी पितळेची कड असते आणि अंग वर निमुळते होत जाते. काडतुसात तेव्हा कॉर्डाइट भरत, शेवयांच्या जुडीसारखे दिसणारे. आपल्याकडच्या उन्हात त्याचा जोर वाढतो, कवच नळीत आवळून बसते आणि ऐन वेळी निघत नाही. निमुळत्या अंगामुळे ते सुटे होते. तीनशे ग्रेनची गोळी, सेकंदाला अडीच हजार फूट वेग. गव्यापासून भेकरापर्यंत कशालाही चालणारी ही रायफल. हिचीच गोष्ट मला सांगायची आहे.

आण्णा कोल्हापुरात वकिली करीत. राजे नव्हते, जहागीरदार नव्हते. दक्षिणेतली संस्थाने १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत बऱ्याच वाड्यांतून शिलेखाने मोकळे होऊ लागले. लंडनहून माप देऊन बनवून घेतलेल्या रायफली, सागवानी पेट्या, पितळी तेलदाण्या, सारे दिवाणजींच्या हस्ते गुपचूप निघे. आण्णांच्या अशिलांत अशी दोन-तीन घराणी होती. काही वेळा फी म्हणून, काही वेळा उसने पैसे काढून, १९५० ते १९६५ च्या दरम्यान आण्णांनी पाच रायफली जमवल्या. आई म्हणे, “दुसऱ्यांच्या घरातली माणसं एक बाई आणतात. ह्यांनी पाच आणल्या.”

मापाने बनवलेल्या रायफलीत एक गोम असते. ती ज्याच्यासाठी बनवली त्याचे अंग तिच्यात राहते. दस्त्याची लांबी त्याच्या हाताची, दस्त्याला बाहेरच्या बाजूने दिलेला बाक त्याच्या खांद्याचा, गालाखालची उंची त्याच्या चेहऱ्याची. दुनळीचा पहिला धनी सहा फुटी असावा. आण्णा पाच फूट चार इंच. ती खांद्याला लावली की ते थोरल्या भावाचा कोट घातलेल्या मुलासारखे दिसत. दस्ता कापून घ्यावा तर संग्राहकाच्या दृष्टीने ते पाप. म्हणून दुनळी कपाटातच राहिली, आणि रानात ३७५ गेली. तिचा दस्ता आण्णांनी येताक्षणीच पाऊण इंच कमी करून घेतला होता. पाप करायचेच तर कामाच्या वस्तूवर करावे, असा त्यांचा वकिली युक्तिवाद.

राधानगरीचे रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले. त्यामुळे गव्याचा परवाना काढायचा तर कारवार जिल्ह्यात जावे लागे, म्हणजे तेव्हाच्या मैसूर राज्यात. सुपे तालुक्यात एका ब्लॉकमध्ये आण्णा दर हिवाळ्यात चार-पाच दिवस जात. तिथला एक गवळी-धनगर त्यांचा वाटाड्या. वयाने मोठा होता म्हणून आण्णा त्याला मामा म्हणत, आणि त्यामुळे आम्हा मुलांचाही तो मामाच.

१९६६ च्या हिवाळ्यात आण्णा पंचेचाळिशी ओलांडून गेले होते. पंचेचाळिशीनंतर डोळ्याचे काय होते हे वाचकांपैकी अनेकांना सुई ओवताना समजले असेल. साध्या नेमात डोळ्याला तीन गोष्टी एकदम स्पष्ट पाहाव्या लागतात: जवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे सावज. तरुण डोळा तिन्हींवर इतक्या झपाट्याने फिरतो की आपल्याला ते कळतही नाही. पुढे खाच पुसट होते, मग माशीला केस फुटल्यासारखे दिसू लागते. त्या संध्याकाळी नव्वद-शंभर यार्डांवर एक एकांडा गवा कारवीतून बाहेर आला. उजेड जात होता. आण्णांनी बार टाकला. गवा गुडघ्यावर आला, उठला आणि रानात शिरला.

शिकाऱ्यांचा एक नियम आहे आणि तो परवान्याच्या कागदापेक्षा जुना आहे. जखमी जनावर मागे सोडायचे नाही. गव्यासारख्या जनावराच्या बाबतीत हा नुसता दयेचा प्रश्न नसतो. जखमी एकांडा गवा जिथे आहे त्या रानात दुसऱ्या दिवशी बाया लाकडे आणायला जाणार असतात. आण्णा आणि मामा दोन दिवस रक्ताच्या थेंबांमागे फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णांना परतावे लागले. चौथ्या दिवशी त्यांची कोर्टात तारीख होती. एका विधवेच्या जमिनीचा दावा होता आणि तो शेवटच्या सुनावणीला आला होता.

दावा आण्णा जिंकले. घरी मात्र पेढे आले नाहीत. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, आणि पेढे न आल्याचे मला चांगले आठवते.

दोनेक आठवड्यांनी मामा कोल्हापुरात आला. त्याने आमचे घर कधी पाहिले नव्हते. कोर्टात विचारत विचारत आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि धोतराच्या सोग्यातून फडक्यात बांधलेली एक वस्तू काढून त्याने आण्णांपुढे ठेवली. ती गोळी होती. पुढून भूछत्रासारखी उमललेली, मागून तशीच.

“आठव्या दिशी गिधाडं उतरली तवा घावला,” तो म्हणाला. “वढ्यात पडला हुता.”

आठ दिवस तो एकटा, हातात कोयता घेऊन, त्या गव्याच्या मागावर होता. पाड्यावरच्या बायांना त्याने त्या बाजूला जाऊ दिले नव्हते.

“कुठं लागली होती?” आण्णांनी विचारले.

मामा उठला. परसात आमची म्हैस बांधली होती. तिच्या खांद्यामागे त्याने आधी तळहात ठेवला, म्हणजे जिथे लागायला हवी होती ती जागा. मग तिथून हात सरकवून दुसरीकडे बोट टेकले.

“चार बोटं खाली, वीतभर मागं.”

म्हशीने शेपटीचा फटका मारला. मी हसलो, आणि आईने मला आत बोलावून घेतले. आण्णा पैसे देऊ लागले तेव्हा मामाने फक्त गाडीभाडे घेतले.

दुर्बिणीचा विषय त्यानंतर निघाला. माझे धाकटे मामा शिक्षणासाठी पश्चिम जर्मनीत होते. त्यांनी १९६९ मध्ये येताना वेट्झलारच्या हेन्सोल्ट कंपनीची चौपट मोठे दाखवणारी दुर्बीण आणली. डोळा लावला की खालून वर येणारा एक टोकदार काळा खांब आणि दोन बाजूंनी आलेल्या दोन आडव्या पट्ट्या दिसतात. मुख्य म्हणजे तिथे तीन गोष्टी पाहाव्या लागत नाहीत. खांबाचे टोक आणि सावज एकाच पडद्यावर असतात. म्हाताऱ्या डोळ्यालाही ते झेपते. सांजेच्या अंधूक उजेडात बारीक तार हरवते, जाड खांब हरवत नाही.

पण जुन्या रायफलीवर दुर्बीण बसवणे म्हणजे जुन्या वाड्याला वीज घेण्यासारखे आहे. एक भिंत फोडली की चार फोडाव्या लागतात. हे काम मिरजेच्या एका मिस्त्रींनी केले. पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे; हत्यारांचा जमाना गेला तशी मिरजेतली ती घराणी तंबोरे आणि सतारी करू लागली. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. चाचांनी रायफल हातात घेतली, नळीच्या मुळाशी असलेल्या पोलादावर नख वाजवले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, ह्यात चार भोकं पाडायची? पुन्हा विचार करा.”

आण्णा म्हणाले, “केला.”

पोलाद वरून इतके कडक होते की तीन ड्रिल मोडले. मग भोकांत आटे पाडले. दुर्बीण वर बसली तर बोल्टची दांडी उचलताना तिच्यावर आपटू लागली. म्हणून बोल्टला ओल्या चिंध्या गुंडाळून, बाकीच्या पोलादाचे पाणी जाऊ न देता, दांडी तापवून खाली वाकवली. माउझरचा सुरक्षा-खटका डोक्यावरून फिरतो, तोही अडू लागला. चाचांनी कानशीने घासून बुटका खटका नवा केला. मग कळले की दस्ता उघड्या नेमाच्या उंचीचा आहे. दुर्बिणीत बघायचे तर गाल अधांतरी राहतो, आणि अधांतरी गालाचा नेम रोज वेगळा. त्यासाठी दस्त्यावर चामड्याची गादी शिवली. हॉलंडच्या कारागिरांनी जे जे मापाने केले होते त्यातले बरेचसे महिन्याभरात बदलले.

आणि एवढे करून पहिल्याच बाराला दुर्बिणीची कड आण्णांच्या भुवईवर बसली. डोळा आणि भिंग ह्यांच्यात साडेतीन इंच तरी अंतर लागते. ३७५ चा धक्का ते मोजून घेते. उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखी जखम झाली. दुसऱ्या दिवशी कोर्टात एका अशिलाने दबक्या आवाजात विचारले, “घरी सगळं ठीक ना?” आई त्यावर किती तरी दिवस हसत होती.

काकांच्या शेतात, पडीक रानाच्या टोकाला मातीची उंच ताल होती. तिच्यासमोर शंभर यार्ड मोजून खुंटी मारली. कागद लावणारा मी. आधी बोल्ट काढून, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून, नळीतून तालीवरचा चुना लावलेला दगड बघायचा आणि मग रायफल न हलवता खांबाचे टोक त्याच दगडावर आणायचे. हा पहिला, कच्चा मेळ. मग बार. त्या जातीच्या दुर्बिणीत वर-खाली करायचा स्क्रू असतो. डावे-उजवे बैठकीच्या स्क्रूंनी करावे लागते. पहिली गोळी नऊ इंच उजवीकडे गेली होती. मी कागद आणला की आण्णा त्यावर पट्टी ठेवत आणि शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहून घेत.

चार-सहा दिवसांत गोळ्या जागेवर आल्या. मग आण्णा म्हणाले, “आता रोज एकच.” तापलेल्या नळीचे पाच बार एकाच वाटीत पाडणे ही नेमबाजाची करामत, शिकाऱ्याला त्याचा उपयोग नाही. रानात नळी थंड असते आणि बार एकच मिळतो. तो पहिला, थंड नळीचा बार कुठे जातो तेवढेच खरे. म्हणून भल्या सकाळी शेतावर जायचे, एक बार टाकायचा, कागद आणायचा, परत यायचे. पुन्हा दुसरा बार केव्हा तरी दोन-तीन महिन्यांनी, दुसऱ्या ऋतूत. कारण थंडीत आणि मे महिन्यात कॉर्डाइटचा स्वभाव वेगळा.

१९७० च्या जुलैपासून वाघाच्या शिकारीला देशभर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. मधल्या दोन हिवाळ्यांत गव्याचा परवाना काढता आला असता. मित्र जीप घेऊन दारात येत आणि आण्णा म्हणत, “अजून इंचभर डावीकडे जातेय. पुढल्या वर्षी.” मी ती रायफल शेतावर शेकडो वेळा उचलली असेन, रानात ती पुन्हा कधीच गेली नाही.

१९८३ मध्ये कायदा बदलून तीन हत्यारांची मर्यादा आली तेव्हा पाचांतल्या दोन द्यायच्या होत्या. आम्हाला वाटले भोके पाडलेली ३७५ आधी जाईल. आण्णांनी दोन सुंदर, अनाघ्रात रायफली दिल्या आणि हिला ठेवले. मी कारण विचारले.

“त्या दुसऱ्यांच्या आहेत,” ते म्हणाले. “ही माझी.”

मी तेव्हा नवी नोकरी आणि नवा संसार ह्यांत होतो. संग्राहकाचा लहरीपणा, असे म्हणून विषय सोडून दिला.

आण्णा १९९४ मध्ये गेले. कपाट आवरताना ती दोनशे पानी वही हाती आली. १९७० ते १९८८ अशी अठरा वर्षे, एकतीस नोंदी. तारीख, वेळ, हवा, आणि एक आकडा. अखेरच्या दहा नोंदींत गोळी ठरल्या ठिकाणापासून इंचापलीकडे कुठेच गेलेली नाही. शेवटी लिहिले होते : ‘काडतुसे शिल्लक ७. पुरे.’

पहिले पान मी कधी पाहिले नव्हते. त्यावर गव्याची एक वेडीवाकडी आकृती होती. आण्णांना चित्रकला नव्हती. गवा बराचसा आमच्या म्हशीसारखा दिसत होता. खांद्यामागे एक फुली. तिच्या खाली चार बोटे आणि मागे वीतभर एक ठिपका. चित्राच्या खाली काही स्पष्टीकरण नव्हते. फक्त एक ओळ होती : ‘तिसऱ्या दिवशी परतलो.’

मी ते पान किती तरी वेळ उघडे ठेवून बसलो होतो. चार बोटे आणि वीतभर एवढी चूक दुर्बिणीने भरून निघते. आण्णांनी ती भरून काढली होती, इंचापर्यंत. पण ती चूक डोळ्याची होती, आणि डोळ्याच्या चुकीबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही. खालच्या ओळीतली चूक दुर्बिणीने सुधारणारी नव्हती. आण्णांना हे माहीत नसते तर त्यांनी ती ओळ लिहिलीच नसती. तरीही अठरा वर्षे ते त्याच चुकीवर काम करीत राहिले जी हातांनी दुरुस्त होण्याजोगी होती. त्या विधवेची तारीख सोडणे त्यांना शक्य होते का? मला वाटत नाही. मी त्यांच्या जागी असतो तरी परतलो असतो, आणि बहुधा वहीही लिहिली नसती.

तर २०२० चा नोव्हेंबर. पुण्याचे एक डॉक्टर रायफलींचे मोठे जाणकार आहेत. त्यांना फोन केला. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. “३७५ द्या. मूर्तीला खुंट्या ठोकाव्यात तसं करून ठेवलंय तुमच्या वडिलांनी. दुनळी मात्र सांभाळा. तिच्यावर आजवर कोणी कानस चालवलेली नाही.” संग्राहकाच्या बाजूने हा सल्ला बिनचूक होता. जुन्या वस्तूची किंमत तिला कोणी हात लावला नाही ह्यात असते. फार तर कॉर्बेटसारख्या कोणाचा लागला असेल तर. वकिलाच्या पश्चात्तापाला बाजारात भाव नाही.

९ डिसेंबरला सकाळी दूरदर्शन संच लावला तर पुण्याच्या कोथरूडमध्ये गवा शिरला होता. वाट चुकलेला, सोसायट्यांच्या भिंतींवर आपटत, तोंडाला फेस आलेला गवा. मागे माणसे, गाड्या, हातांहातांत मोबाइल. दर खिडकीतून एक भिंग त्याच्यावर रोखलेले. बेशुद्धीचे औषध देऊन, दोर बांधून त्याला पकडले, आणि तो मेला. मी आण्णांच्या खुर्चीत बसून ते पाहिले. एका गव्याला माणसे निघून जायला हवी होती, एकाला माणूस थांबायला हवा होता. दोन्ही वेळा उलटे झाले.

दुसऱ्या दिवशी मी ३७५ आणि दुनळी दोन्ही व्यापाऱ्याकडे घेऊन गेलो. डॉक्टरांचाच सल्ला पाळायचा, पण निदान विचारून घ्यावे. व्यापाऱ्याने दुनळी उघडली, मिटली. कुलपाचा तो मऊ आवाज ऐकून त्याचा चेहरा खुलला. मग त्याने ३७५ बघितली, भोकांवरून अंगठा फिरवला.

“काका, ठेवून घेतो म्हणालात तर घेईन. पण गिऱ्हाईक मिळायचं नाही. काही दिवस पडून राहील, मग सरकारजमा, मग भट्टी.”

“आणि दुनळी?”

“हिला उद्या घर मिळेल.”

ठरवणे इतके सोपे असेल असे मला वाटले नव्हते. जिला कुठेही घर मिळेल तिला जाऊ दिली. कागदांवर सह्या झाल्या, पावती मिळाली. दुनळीचा निरोप घेताना मला थोडे वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण ती आमच्या मापाची कधी नव्हतीच. डॉक्टरांनी नंतर आठ दिवस माझा फोन घेतला नाही.

सुपे गाव काळी नदीवरच्या धरणाखाली गेले; ते धरण १९८७ मध्ये पुरे झाले. मामाचा तो ओढा पाण्यावर आहे की पाण्याखाली, हे सांगायला त्या पाड्यातले कोणी आता मला ओळखीचे नाही. मामा धरणाआधीच गेला. ती उमललेली गोळी मात्र रायफलीच्या पेटीत, तेलाच्या बाटलीशेजारी त्याच फडक्यात आहे. ह्या पावसाळ्यातही कपाट उघडले, नळ्या पुसल्या. दुर्बिणीचे भिंग स्वच्छ करताना सवयीने डोळा लावला. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले गहू दिसले, आणि त्यांवर बसलेली एक चिमणी, चौपट मोठी. खांबाचे टोक तिच्यापासून लांब ठेवूनच मी तिच्याकडे पाहिले. मग कपाट बंद केले आणि किल्ल्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या.